गाणं मिळालं, पण राहिलं कुणाकडे?

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर, स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीत, ‘म्युझिक वर्ल्ड’ नावाचं गाण्यांचं एक मोठं दुकान होतं. शेजारी फ्लुरीजची प्रसिद्ध बेकरी. आधी गाणं घ्यायचं, मग चहा-पेस्ट्री, हा कित्येक बंगाली कुटुंबांचा रविवारचा ठरलेला बेत. दुकानात कानाला हेडफोन लावून गाणी ऐकायची सोय होती. कॉलेजची पोरं तासन्‌तास फुकटात गाणी ऐकत उभी राहायची आणि जाताना एखादी कॅसेट घेऊन जायची. पूजेच्या दिवसांत तर आत शिरायलाही जागा नसायची.

जून २०१३च्या अखेरीस हे दुकान बंद झालं. सीडी कुणी घेईना, भाडं मात्र वाढतच होतं. ज्यांच्या घरात दोन-दोनशे सीडी होत्या त्यांच्याच मुलांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये दोन-दोन हजार गाणी भरलेली होती, तीही एक पैसा न देता! मुंबईकरांनाही अशाच निरोपाचा अनुभव यायचा होता. काळा घोड्याजवळचं ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ साली बंद झालं, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांचे डोळे पाणावले.

दुकानं बंद झाली म्हणून काही गाणं थांबलं नाही. उलट आज माणसं पूर्वीपेक्षा जास्त गाणी ऐकतात. मग नुकसान नेमकं कुणाचं झालं? गाणं लिहिणाऱ्याचं, गाणाऱ्याचं, विकणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला कोलकात्याइतकं योग्य शहर दुसरं नाही. कारण भारतातला रेकॉर्डचा धंदा सुरू झाला तो इथेच.

हॉटेलातली खोली आणि जर्मनीची वारी

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात येऊन दाखल झाला. बरोबर मेणाच्या तबकड्या आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र. त्याने एका हॉटेलातच तात्पुरता स्टुडिओ थाटला. तिथे गायला आलेल्या कलावंतांमध्ये सर्वांत मोठं नाव होतं गौहर जान यांचं. यंत्राच्या भोंग्यात तोंड जवळजवळ खुपसून गायचं आणि तेही जेमतेम तीन मिनिटांत संपवायचं. ख्याल-ठुमरी रात्र-रात्र रंगवणाऱ्यांना ही शिक्षाच होती. पण गौहर जान यांनी ती कला चटकन साधली. गाणं संपलं की त्या इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने सांगत. याचं कारण असं देतात, की ध्वनिमुद्रण जायचं जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणं कुठलं कळायला? लेबलावर कुणाचं नाव छापायचं ते तबकडीवरूनच त्यांना समजावं!

म्हणजे कलकत्त्यात गायलेलं गाणं आगबोटीने जर्मनीला जाई, तिथे त्याच्या तबकड्या निघत आणि पुन्हा आगबोटीने ते कलकत्त्याच्या बाजारात येई. यात महिने जात. आज तेच गाणं क्षणार्धात जगभर पोचतं. गंमत म्हणजे या तबकड्यांत जी लाख वापरत, ती मुख्यतः आपल्याच छोटा नागपूर भागातली. कलकत्त्याच्या बंदरातून ती परदेशी जाई आणि गाणं बनून परत येई. कच्चा माल आपला, गळाही आपला!

कंपनीला हे परवडेना, तेव्हा १९०८ साली सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. १९२८च्या सुमारास तो दमदमला मोठ्या जागेत गेला. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा, म्हणजे आपल्या घरोघरच्या ‘कुत्रा छाप’ रेकॉर्डचा हाच तो कारखाना. मराठी माणसाशीही त्याचं जवळचं नातं आहे. आजोबांनी लाकडी कपाटात जपलेली नाट्यगीतं, भावगीतं, अभंग मुंबईत गायले गेले, तरी त्यांच्या तबकड्या निघायच्या दमदमला. एच.एम.व्ही.च्या मुंबई शाखेत १९३८ पासून जी. एन. जोशी होते. ते स्वतः भावगीतगायक. कितीतरी बुजुर्गांना त्यांनी मनधरणी करून माइकसमोर आणलं. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या आहेत.

कलकत्त्यात एच.एम.व्ही.ला स्पर्धाही होती. ‘कुंतलीन’ तेलाचे कारखानदार हेमेंद्रमोहन बोस यांनी स्वदेशी चळवळीच्या काळात स्वतःच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यात खुद्द रवींद्रनाथांचा आवाज होता. पुढे मेगाफोन, हिंदुस्थान, सेनोला अशा देशी कंपन्या निघाल्या. काझी नझरुल इस्लाम यांच्यासारखा कवी एच.एम.व्ही.साठी गाणी लिहून, चाली बांधून गायकांना शिकवत असे. पूजेच्या सुमारास नव्या गाण्यांच्या तबकड्या निघत. पूजेला नवे कपडे आणि नवं गाणं, हा बंगाली घराचा रिवाजच पडून गेला. आपल्याकडे दिवाळी अंकाचं जे स्थान, तेच तिकडे पूजेच्या गाण्याचं!

पहिला दणका कॅसेटचा

‘डाउनलोडिंगने संगीताचा धंदा बुडवला’ असं जे सरसकट बोललं जातं, ते अर्धंच खरं आहे. धंद्याला पहिला मोठा दणका बसला तो त्याच्या कितीतरी आधी, कॅसेटच्या रूपाने.

रेकॉर्ड घरी तयार करता येत नसे. तिला कारखाना लागे. कॅसेटची नक्कल मात्र दोन टेपरेकॉर्डर जोडले की कुणालाही करता येई. १९८०च्या दशकात गल्लोगल्ली नकला निघाल्या. त्याच काळात गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजने एच.एम.व्ही.च्या निम्म्याहूनही कमी किमतीत कॅसेट विकायला सुरुवात केली. जुन्या गाजलेल्या गाण्यांची नव्या गळ्यांतून ध्वनिमुद्रणं काढायला कायद्यातली एक पळवाट उपयोगी पडली. आपल्या अनुराधा पौडवाल यांचा आवाज त्यामुळे घराघरांत पोचला. पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात, एस.टी. स्टँडवर कॅसेट मिळू लागली. अनेक दशकं जवळजवळ एकट्याने राज्य केलेल्या दमदमच्या कंपनीला घाम फुटला. दशकाच्या मध्यावर ती विलायती मालकांकडून गोयंकांच्या आर.पी.जी. समूहाकडे आली.

पण याच कॅसेटने नव्या माणसांना दारही उघडून दिलं. रेकॉर्ड काढायला जो खर्च येई, त्याच्या अंशात कॅसेट निघे. भजनं, पोवाडे, लोकगीतं, जत्रेतली गाणी, ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्या ढुंकूनही पाहत नसत, ती सगळी बाजारात आली. कोलकात्यात १९९२ साली सुमन चट्टोपाध्याय यांची ‘तोमाके चाइ’ ही कॅसेट एच.एम.व्ही.ने काढली. एक माणूस, एक गिटार आणि रोजच्या शहरी जगण्यातली गाणी. बंगाली गाण्याचा बाजच बदलून गेला. त्यापाठोपाठ नचिकेता, अंजन दत्त आले. बंगाली बँड आले. आशा ऑडिओ, सागरिका अशा स्थानिक कंपन्याही उभ्या राहिल्या.

थोडक्यात काय, तर यंत्र स्वस्त झालं की जुना सावकार हादरतो आणि नव्या माणसाला संधी मिळते. कॅसेट स्वस्त होती खरी, पण फुकट नव्हती. गिऱ्हाइकाने दिलेल्या पंधरा-वीस रुपयांतले काही पैसे कुठेतरी गाणाऱ्यापर्यंत पोचत होते. पुढे जे आलं त्यात ही कडीच तुटली.

पन्नासातले पाच

सीडीवर पाच मिनिटांचं गाणं साठवायला साधारण पन्नास मेगाबाइट जागा लागते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी इतरांच्या साथीने एक युक्ती शोधली. माणसाच्या कानाला जे आवाज ऐकूच येत नाहीत, किंवा मोठ्या आवाजाखाली दबून जातात, ते काढून टाकायचे. उरलेलं गाणं पाच मेगाबाइटमध्ये मावतं आणि सामान्य कानाला फरक फारसा जाणवत नाही. हेच ते एमपी-थ्री. १९९०च्या दशकाच्या अखेरीस टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं, तेव्हा असं एक गाणं उतरवून घ्यायला पंधरा-वीस मिनिटं लागत. मध्येच कुणी फोन उचलला की सगळी मेहनत पाण्यात! तरीही पोरं रात्र-रात्र जागून गाणी उतरवत.

अमेरिकेत शॉन फॅनिंग या कॉलेजच्या पोराने जून १९९९ मध्ये ‘नॅप्स्टर’ सुरू केलं. एकाच्या संगणकातलं गाणं दुसऱ्याने थेट घ्यायचं, मध्ये दुकान नाही, कंपनी नाही. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये नॅप्स्टर बंद पडलं. पण बाटलीतला राक्षस बाहेर आलेला होता. जगभरातली रेकॉर्ड कंपन्यांची कमाई १९९९च्या शिखरावरून जी घसरू लागली, ती २०१४ पर्यंत घसरतच राहिली.

आपल्याकडे घरोघरी संगणक नव्हते, पण त्याने काही अडलं नाही. कोलकात्यात एस्प्लनेड, चांदणी चौक, गडियाहाटच्या फुटपाथवर एमपी-थ्री सीडी मिळू लागल्या. एका सीडीवर शे-दीडशे गाणी! किशोरकुमार सगळा एकीवर, हेमंतकुमार सगळा दुसरीवर, रवींद्रसंगीत तिसरीवर. पुढे मोबाइल आला आणि नाक्यावरच्या रिचार्जवाल्याकडे मेमरी कार्ड दिलं की थोडक्या पैशांत तो गाण्यांनी भरून द्यायचा. दादर असो, सोलापूर असो की सियालदह, चित्र सगळीकडे तेच. आपण चोरीचा माल घेतोय असं कुणाच्या मनातही येत नसे. गाणं वाऱ्यासारखं झालं होतं. वाऱ्याचे का कुणी पैसे देतं?

कोर्टाचा हुकूम

हे थांबवण्याचा एक मोठा प्रयत्नही कोलकात्यातच झाला. फुकट गाणी देणाऱ्या ‘साँग्ज डॉट पीके’ या संकेतस्थळाचा तेव्हा बोलबाला होता. नवा सिनेमा लागण्यापूर्वीच त्याची गाणी तिथे हजर असत. कोलकात्याची सागरिका म्युझिक, भारतीय संगीत कंपन्यांची संघटना आणि परवाने देणारी संस्था यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने २७ जानेवारी २०१२ रोजी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना हे संकेतस्थळ बंद करायला सांगितलं. मार्चमध्ये हा हुकूम १०४ संकेतस्थळांपर्यंत गेला.

कंपन्यांनी आनंद साजरा केला, पण तो फार काळ टिकला नाही. एक दार बंद झालं की तेच दुकान दुसऱ्या नावाने दुसऱ्या दारात उभं! उंदीर-मांजराचा हा खेळ चालू राहिला.

कायदेशीर दुकानंही निघाली नाहीत असं नाही. फ्लिपकार्टने २०१२ साली ‘फ्लाइट’ नावाचं दुकान काढलं. चहा-बिस्किटाच्या किमतीत एक गाणं उतरवून घ्यायचं. २०१३ साली ते बंदही झालं. ॲपलचं आयट्यून्स दुकान डिसेंबर २०१२ मध्ये भारतात आलं, पण ते आयफोनवाल्यांपुरतंच राहिलं. पैसे देऊन गाणं उतरवण्याची सवय आपल्याकडे लागलीच नाही. ज्याने आयुष्यभर पाण्याचे पैसे दिले नाहीत, त्याला बाटली विकायला जावं तसं हे झालं.

कुणाचे पैसे, कुणाच्या खिशात?

त्याच काळात कंपन्यांना एक अनपेक्षित लॉटरी लागली होती. फुकट गाणं ऐकणारा माणूस फोनवरच्या गाण्यासाठी मात्र महिन्याला पैसे मोजायला तयार होता. आपल्याला कुणी फोन केला की त्याला घंटीऐवजी गाणं ऐकू यायला हवं ना! या कॉलर ट्यूनने एका टप्प्यावर कंपन्यांना मोठा हात दिला. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं ते गाणं ज्याने लिहिलं, ज्याने चाल बांधली, त्यांना काय मिळालं? बहुतेकांना काहीच नाही. कारण गाणं देतानाच सगळे हक्क कागदावर सही करून निर्मात्याच्या हवाली झालेले असत. सही करताना मोबाइल नावाची वस्तू निघेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती त्याच वर्षी २१ जूनपासून लागू झाली. गीतकार जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते. त्यांनी हा विषय धसाला लावला. गीतकार आणि संगीतकार यांनी गाणं सिनेमाला दिलं, तरी सिनेमागृहाबाहेर ते जिथे जिथे वाजेल तिथल्या मानधनातला त्यांचा वाटा आता सहीने काढून घेता येत नाही. म्हाताऱ्या संगीतकाराच्या विधवेला चार पैसे मिळायचे असतील तर ते या कायद्यामुळे.

पण कायदा त्यालाच उपयोगी पडतो, ज्याचं नाव गाण्यावर आहे. वीरभूम जिल्ह्यातले लोकगायक रतन कहार यांची गोष्ट पाहा. ‘बोडो लोकेर बिटी लो’ हे गाणं त्यांनी १९७०च्या दशकात रचलं. १९७६ साली स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात ते बंगालभर गाजलं. मार्च २०२० मध्ये रॅपर बादशहाच्या ‘गेंदा फूल’मध्ये त्याच्या ओळी वाजल्या आणि बघता बघता कोट्यवधी लोकांनी ते गाणं पाहिलं. सोबतच्या तपशिलात रतन कहार यांचं नाव कुठेच नव्हतं. बंगालमध्ये ओरड झाली. आपल्याला हे ठाऊक नव्हतं, असं बादशहाने सांगितलं आणि पुढे रतनबाबूंना पाच लाख रुपये दिले. २०२४ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. शेवट गोड झाला खरा. पण तो झाला लोकांनी आवाज उठवला म्हणून. ज्यांच्यासाठी कुणीच ओरडलं नाही, असे रतनबाबू गावोगाव किती असतील!

डाउनलोडही गेलं!

आणि या सगळ्या महाभारतात एक मोठा विनोद घडला. ज्या डाउनलोडिंगला सगळे घाबरले होते, तेच काही वर्षांत कालबाह्य झालं. इंटरनेट इतकं स्वस्त आणि वेगवान झालं, की गाणं उतरवून ठेवायची गरजच उरली नाही. हवं तेव्हा लावा, ऐका, सोडून द्या. आज जगातल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या कमाईचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग असं ऐकवण्यातूनच येतो. २०२४ मध्ये ही एकूण कमाई २९.६ अब्ज डॉलर होती. पैसे देऊन उतरवलेल्या गाण्यांचा त्यातला वाटा तीन टक्केही नव्हता.

म्हणजे धंदा वाचला. पण गाणाऱ्याचं काय? एकदा गाणं ऐकलं गेलं की त्याच्या वाट्याला जे येतं ते पैशांत मोजायचं, रुपयांत नव्हे. भारतात तर बहुतेक माणसं जाहिराती सोसून फुकटच ऐकतात. जे वर्गणी भरतात त्यांच्याही पैशांचा हिशेब अजब असतो. बहुतेक ठिकाणी सगळ्यांची वर्गणी एका हंड्यात जमा होते आणि ज्याचं गाणं जास्त वेळा वाजलं त्याला त्या प्रमाणात मिळते. एखाद्या काकूंनी महिनाभर फक्त बालगंधर्वांची पदं ऐकली, तरी त्यांच्या वर्गणीतला मोठा भाग जातो तो लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्याकडे!

म्हणून आजचा गायक गाण्याकडे जाहिरातीसारखं पाहू लागला आहे. गाणं फुकट वाजू द्यायचं, नाव करायचं आणि पोट भरायचं कार्यक्रमांवर. कोलकात्याचे बँड थंडीच्या मोसमात कॉलेजच्या महोत्सवांतून, पूजा-जत्रांतून गातात ते याचसाठी. ज्याला स्टेज गाजवता येतं तो तरतो. जो घरी बसून एक-एक ओळ घासतो त्या गीतकाराला, स्टुडिओत सतार-बासरी वाजवून घर चालवणाऱ्या वादकाला मात्र कार्यक्रम कुठला?

दमदमची गाडी पुन्हा रुळावर

दमदमच्या जुन्या कंपनीचं काय झालं? २००० साली तिने ‘सारेगामा’ हे नाव घेतलं. तबकड्यांचे दिवस गेले, कॅसेटचे गेले, सीडीचेही गेले. पण तिच्या कपाटात एक गोष्ट होती जी कुठल्याही नव्या कंपनीकडे नव्हती. शंभर वर्षांची गाणी! २०१७ साली तिने ‘कारवाँ’ नावाचं जुन्या ट्रान्झिस्टरसारखं दिसणारं यंत्र काढलं. त्यात ५००० जुनी गाणी आधीच भरलेली. इंटरनेट नको, ॲप नको, नुसतं बटण फिरवायचं. किंमत सहा हजारांच्या आसपास. ज्या देशात कुणी गाण्याला दहा रुपये देत नाही असं सगळे म्हणत होते, तिथे मुला-मुलींनी आईवडिलांना भेट म्हणून ती यंत्रं धडाधड घेतली. बंगाली कारवाँ आला, मराठी कारवाँही आला.

यातून एक गोष्ट लक्षात येते. माणूस गाण्याला पैसे देत नाही असं नाही. तो देतो ते सोयीला, आठवणीला आणि हातात धरता येईल अशा वस्तूला. अमेरिकेत तर २०२० साली जुन्या धर्तीच्या तबकड्यांनी कमाईत सीडीला मागे टाकलं. कोलकात्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या मिर्झा गालिब स्ट्रीटवर, जुन्या रेकॉर्डच्या ढिगाऱ्यात धूळ झटकत बसलेले विशीतले तरुण दिसले, तर आता कुणाला नवल वाटत नाही.

जपणारा कोण?

पैशांचा प्रश्न मोठा आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न आहे जपण्याचा.

तबकडी विकत घेतली की ती घरची होत असे. वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जाई. फोनवर ‘उतरवून ठेवलेलं’ गाणं तसं नसतं. २०२४ मध्ये एअरटेलचं ‘विंक’ हे गाण्यांचं ॲप बंद झालं. कुणी त्यात वर्षानुवर्षं आवडीच्या गाण्यांच्या याद्या करून ठेवल्या असतील, गाणी साठवली असतील. ॲपबरोबर तीही गेली. कंपन्यांचे आपसातले करार संपले की चालू असलेल्या ॲपवरूनही एखादं गाणं रातोरात नाहीसं होतं. गाणं घरात आहे असं वाटत असतं, पण ते भाड्याने राहत असतं. घरमालकाने सांगितलं की उठायचं!

हेमेंद्रमोहन बोस यांनी काढलेल्या त्या पहिल्या स्वदेशी ध्वनिमुद्रिकांपैकी फारच थोड्या आज ऐकायला मिळतात. ज्या टिकल्या त्या कंपनीमुळे नाहीत, कुणीतरी घरात जपल्या म्हणून. जुन्या बैठकींच्या, आकाशवाणीच्या कितीतरी गाण्यांचं असंच आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने अशा संग्राहकांच्या घरी जाऊन रेकॉर्ड, टेप मिळवल्या आणि संगणकावर उतरवून हिंदुस्थानी संगीताचा मोठा ठेवा उभा केला. म्हणजे ज्या तंत्राने दुकानं बंद पाडली, तेच तंत्र जुनं गाणं वाचवायच्या कामी आलं! सुरीने भाजी चिरायची की बोट कापून घ्यायचं, ते सुरी ठरवत नाही.

हे काम घराघरांतही होऊ शकतं. माळ्यावरच्या खोक्यात मामांच्या आवाजातली भजनं असतील, आजीच्या ओव्या असतील, गावच्या नाटकातली पदं असतील. त्या कॅसेट दुनियेत दुसरीकडे कुठेही नसतात. आधी बुरशी लागली आहे का ते पाहावं. लागली असेल तर जाणकाराकडेच द्यावी. नसेल तर कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत सुटी होते. मग चांगल्या टेपरेकॉर्डरमधून एका वायरने ती संगणकावर उतरवता येते. उतरवलेल्या गाण्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. रेकॉर्ड असतील तर त्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून लांब. आणि सर्वांत महत्त्वाचं, कुणी गायलं, कुणी लिहिलं, साथीला कोण होतं, साल कोणतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लगेच लिहून ठेवावं. ते सांगणारी माणसं कायमची नसतात.

कायद्याचीही थोडी मदत आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. त्यामुळे गौहर जान यांच्या काळातल्या तबकड्या आज कुणीही उतरवून सगळ्यांसाठी खुल्या करू शकतो. पुढच्या काळातल्या गाण्यांच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र वेगळा असतो. तो त्या कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतो, हे विसरू नये.

आणि नव्या गाण्यांचं काय? ज्याचं गाणं मनापासून आवडलं त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट काढावं. त्याने स्वतः सीडी किंवा तबकडी काढली असेल तर ती घ्यावी. फुकट ऐकताना निदान गीतकार-संगीतकाराचं नाव शोधून ते चारचौघांत सांगावं. हे काही फार अवघड नाही. पूर्वी आकाशवाणीवर प्रत्येक गाण्याआधी ही नावं सांगत असत. म्हणूनच तर शाळा न शिकलेल्या आजीलाही गाण्याबरोबर कवीचं नाव पाठ असे.

एकशे वीस वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या त्या हॉटेलातल्या खोलीत एका बाईने गाणं संपता संपता आपलं नाव मोठ्याने सांगितलं. परक्या देशातल्या कारागिराने ते ऐकलं, लेबलावर छापलं आणि म्हणून आजही ते गाणं तिच्या नावावर आहे. यंत्रं येतील आणि जातील. तबकडी गेली, कॅसेट गेली, डाउनलोडही गेलं. आज फोनमध्ये जे आहे तेही एक दिवस जाईल. गाण्यावरचं नाव मात्र जाऊ देऊ नये.